मला दह्याचा वास आला नव्हता

इथल्या मराठी मंडळाचा हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या निम्म्या लोकांनी माझी दह्याची गोष्ट ऐकलेली आहे. उरलेल्यांना ती कुणीतरी सांगितलेली आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, ती गोष्ट खोटी आहे. त्यातलं दही खरं, बाकीचा मसाला माझा. संपादकांनी "हॉस्पिटलातले गमतीदार अनुभव" मागितले होते. पण गमतीदार अनुभव सांगून सांगूनच हा घोळ झालाय, त्यामुळे या वेळी गंमत मिळणार नाही. नावं बदलली आहेत. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना विचारून लिहितोय. हे विचारणं पहिल्या खेपेलाच सुचायला हवं होतं.

मी ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या एका सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. आपल्या लोकांचा समज असा की भूलतज्ज्ञ इंजेक्शन टोचतो आणि कँटीनला जातो. एका गृहस्थांनी मला अगदी आपुलकीने विचारलं होतं, "म्हणजे सर्जन कापत असतात तेव्हा तुमचा टाइमपास काय?" आमचा टाइमपास म्हणजे पेशंटचा श्वास, रक्तदाब आणि नाडी. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये बाई जागी असते. मणक्यात इंजेक्शन देऊन छातीखालचा भाग बधिर करतात, मध्ये निळा पडदा लावतात. पडद्यापलीकडे सर्जन. अलीकडे, बाईच्या डोक्याशी, नवरा आणि मी. बाळ बाहेर येईपर्यंत तिच्याशी बोलणारा माणूस बहुतेक मीच, कारण नवऱ्याची वाचा गेलेली असते किंवा तो मोबाइलचा कॅमेरा नीट करत असतो.

आता उपाशी राहण्याबद्दल. आयुष्यात मी हे इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही म्हणत असेन. कधीकधी मणक्यातलं इंजेक्शन नीट बसत नाही. त्यात कुणाचा दोष असतोच असं नाही. मग बाईला पूर्ण बेशुद्ध करावं लागतं. गरोदर बाईच्या पोटातलं आधीच वर ढकललेलं असतं. बेशुद्ध झाल्यावर ते उलटून श्वासनलिकेत शिरू शकतं आणि फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ऑपरेशनच्या आधी सहा तास अन्न नाही, दूध नाही, दही नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण आपली माणसं. गोऱ्या बाईला "काही खाल्लंस का" विचारलं की ती बिस्किटाचा तुकडासुद्धा कबूल करते. आपल्याकडे खाणं आणि तोंडात टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी. चहा म्हणजे खाणं नव्हे. देवासमोरचा पेढा म्हणजे प्रसाद. तीर्थाला कोण खाणं म्हणेल? एका सासरेबुवांनी सुनेला घरून निघताना नारळपाणी पाजलं, का तर पाणी चालतं असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे मी मराठी पेशंट दिसला की मराठीत उलटतपासणी घ्यायचो. प्रसाद? चहा? तीर्थ? हातावर काही ठेवलं? लोक चिडायचे. चिडू देत.

पल्लवीच्या वेळी मात्र मी ही उलटतपासणी घेतली नाही. सगळी हकीकत इथूनच सुरू होते.

पल्लवी आणि केदार, दोघंही पुण्याहून आलेले, ऑकलंडच्याच न्यू लिन भागात राहायचे. पहिलं बाळंतपण. बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिलं, म्हणून सिझेरियन ठरलं. बाळंतपणासाठी केदारची आई साताऱ्याहून आली होती. त्यांना इथे सुमनताई म्हणतो. आठवडाभर आधीच्या तपासणीला तिघं आली तेव्हा मीच होतो. केदार कॉम्प्युटरवाला. त्याने आल्या आल्या विचारलं, "काका, स्लॉट सकाळचा मिळेल ना? आईने मुहूर्त काढून आणलाय."

"ऑपरेशनांची यादी हॉस्पिटल ठरवतं. पंचांग ठरवत नाही," मी म्हणालो.

सुमनताई मला न घाबरता म्हणाल्या, "ठरवू दे हो हॉस्पिटलला. पण सकाळचं पहिलं मिळालं तर तुमचं काही जाणार नाही ना?"

योगायोगाने पहिलंच मिळालं. सुमनताईंनी तो योगायोग मानला नाही.

त्या सकाळी यादी भरलेली होती, एक सहकारी आजारी होता आणि मी वैतागलेला होतो. मिडवाइफने पल्लवीला इंग्रजीत विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं का? नाही. मी मराठीत विचारलं, उपाशी आहेस ना? हो काका. संपलं. प्रसाद, चहा, तीर्थ काही विचारलं नाही. सही केली. पल्लवीला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, नर्सने तिला टेबलाच्या कडेवर बसवून पाठ वाकवायला शिकवलं. केदारने कपडे बदलून आत यायचं होतं, तर केदारचा पत्ता नाही. मी चडफडत बाहेर आलो.

कॉरिडॉरमध्ये सुमनताई एकट्या बसलेल्या. मांडीवर पिशवी.

"केदार कुठाय?"

"गाडी लावायला गेलाय. पहिली जागा चुकीची होती म्हणे. मशीनने सांगितलं."

बायको टेबलावर आणि हा पार्किंगमध्ये! मी तिथेच भिंतीला टेकलो. वेळ घालवायचा म्हणून की काय, सुमनताईंनी विचारलं, "डॉक्टर, एक विचारू? पोट रिकामं कशाला लागतं हो? आमच्या वेळी तर बळंच काहीतरी भरवायचे. अंगात ताकद पाहिजे म्हणून."

मी सांगितलं. वर लिहिलंय तेच, जरा कडक शब्दांत.

त्या उठल्या. पिशवी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"मग थांबा. ती दही खाऊन आलीय."

"काय?"

"निघताना हातावर दही-साखर दिली. तिला भूक लागली होती, रात्रभर झोप नव्हती. वाटी पुढे धरली तर सगळी संपवली तिने."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणाली ती!"

"खाणं म्हणून कुठे दिलं होतं? शकुन म्हणून दिलं. तिच्या ध्यानातच नसेल. तिला रागावू नका."

"आता दुपारपर्यंत थांबावं लागेल. तुमचा मुहूर्त जाईल."

"मुहूर्त गेला चुलीत," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही पोरीला बाहेर काढा आधी."

मी आत गेलो. इंजेक्शनची तयारी झालेली होती. मी पल्लवीला हळूच विचारलं, "दही खाल्लंस का सकाळी?" तिचा चेहरा उतरला. "हो. अय्यो! पण तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं आम्हाला," मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. आता समर्थन ऐका. टेबलावर बसलेल्या, भेदरलेल्या मुलीला "तुझ्या सासूने सांगितलं" असं म्हणून मला तिथे सासू-सुनेचं प्रकरण नको होतं. त्या क्षणापुरतं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. पण शेजारची नर्स म्हणाली, "गुड कॅच, डॉक्टर," आणि मी मान हलवली. ती मान हलवायची काही गरज नव्हती.

पल्लवीला परत वॉर्डात नेलं. तेवढ्यात केदार धापा टाकत आला, त्याला झालेलं कळलं आणि तो सगळ्यांसमोर आईवर घसरला. "आई, तुला सांगितलं होतं ना काही द्यायचं नाही? आणि दिलंस तर दिलंस, सांगायचं तरी! डॉक्टरांच्या लक्षात आलं नसतं तर?"

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. त्या कागदांवर वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

त्यांनी खाली पडलेली पिशवी उचलली. मला वाटलं, नंतर सांगतील त्या. त्यांना वाटलं असेल, नंतर सांगतील डॉक्टर.

दुपारी ऑपरेशन झालं. मणक्यातलं इंजेक्शन अर्धवट बसलं. एका बाजूने तिला दुखतंय हे कळल्यावर थांबायला वेळ नव्हता, पूर्ण भूल द्यावी लागली. केदारला बाहेर पाठवलं. श्वासाची नळी घालताना तिच्या घशात थोडं पाणी आलं, ते खेचून घेतलं. फक्त पाणी. बाळ रडलं, मुलगी झाली, सगळं व्यवस्थित झालं. सकाळचं दही मी पकडलेलं नव्हतं, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. सकाळी केदारला गाडीची जागा पहिल्या झटक्यात मिळाली असती तर मी सुमनताईंशी बोललोच नसतो.

सिझेरियननंतरचे दिवस म्हणजे आमच्या दृष्टीने साधे असतात. दुसऱ्या दिवशी उठून चालायचं, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात. दुखण्याच्या गोळ्या दुखायच्या आधी घ्यायच्या, सहन करून शौर्य दाखवायचं नाही. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. काही आठवडे गाडी चालवायची नाही. टाके कोरडे ठेवायचे. मिडवाइफ घरी येऊन बघते. आपल्याकडे मात्र घराघरांत यावर लढाया होतात. चालायचं नाही, अंग हलकं होतं. पोट घट्ट बांधायचं, मग खाली टाके असोत. पंखा नको, पाणी गरमच, आणि भर उन्हाळ्यात कानाला रुमाल. या लढाया मी फोनवरून बऱ्याच मिटवल्यात. आजींना बोलावून सांगायचं, "पोट बांधा, पण मिडवाइफ हो म्हणेल तेव्हा आणि टाक्यांच्या वर." आजी ऐकतात. सुना ऐकत नाहीत.

न्यू लिनच्या त्या घरात मात्र वेगळंच सुरू होतं. तिथून केदारचा फोन यायचा.

"काका, आई अळिवाची खीर देतेय. चालेल?"

"चालेल."

"डिंकाचा लाडू?"

"एक चालेल. केदार, अरे तिने पोरं वाढवलीत, तू वाढलायस त्यातच. तिला विचार ना."

"नाही काका, पल्लवी म्हणते आईंनी दिलेलं काहीही आधी विचारल्याशिवाय खायचं नाही. त्या दिवसापासून तिला जरा… म्हणजे आई लपवते असं वाटतं."

हे मी ऐकलं. "अरे, तुझ्या आईनेच मला सांगितलं" हे एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "लाडू एकच दे हं," आणि फोन ठेवला. का? कारण "गुड कॅच" आता विभागभर झालं होतं, तरुण डॉक्टरांना शिकवताना कुणीतरी माझं उदाहरण दिलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. याहून भारी कारण माझ्याकडे नाही.

सुमनताई व्हिसा शिल्लक असताना साताऱ्याला परत गेल्या.

त्यानंतर ती गोष्ट मी पहिल्यांदा एका फराळाच्या कार्यक्रमात सांगितली. नाव घेतलं नाही, म्हणजे आपण गोपनीयता पाळली असं मला वाटलं. इथे मराठी माणसं किती, आणि त्यात त्या महिन्यात दही खाऊन सिझेरियनला गेलेली किती? जेवणाच्या पानावरून लोक उठायच्या आत नाव फिरलेलं होतं. लोक हसले. पुढच्या वर्षी मी त्यात वास घातला. थिएटरच्या दारात मला दह्याचा वास आला, मी नाक वर केलं, वगैरे. त्याच्या पुढच्या वर्षी आजींच्या पिशवीतून वाटी सापडली. सातारी हेल काढून मी आजींचं बोलणंही करायला लागलो. "शकुन हाये डागदर!" सुमनताई असं बोलतच नाहीत. त्या शाळेत शिक्षिका होत्या.

मी निवृत्त झालो, ओटाहुहूला लहान घर घेतलं, डोळ्यांमुळे गाडी सोडली. गोष्ट मात्र सुटली नाही. गेल्या गणेशोत्सवात माउंट वेलिंग्टनच्या हॉलमध्ये आरती, जेवण झालं आणि निवेदन करणाऱ्या मुलीने माइकवर सांगितलं, "आता आपले काका ती दह्याची गोष्ट सांगतील!" टाळ्या पडल्या. मी उठलो. नाक वर करण्यापर्यंत आलो आणि मधल्या रांगेत सुमनताई दिसल्या. केस पूर्ण पांढरे, पण त्याच. शेजारी कुणी नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. लोक हसत होते. मी वाटीसकट गोष्ट पूर्ण केली.

नंतर त्या स्वतःच माझ्याकडे आल्या. हातात प्रसादाचा द्रोण.

"ओळखलंत का?"

"हो."

"मी आता कायमची आलेय इकडे. एक विचारायचं होतं." आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला वास आला होता का हो खरंच? मी इतकी वर्षं विचार करतेय. मला वाटलं होतं मी सांगितलं. मग वाटायला लागलं, वय झालं, मीच मनाने रचलं असेल."

मी म्हणालो, "तुम्हीच सांगितलंत. मला काहीही कळलं नव्हतं."

"हं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "धाकट्याच्या वेळी मला बोलावलं नाही त्यांनी. पल्लवीची आई आली. तेही सिझेरियनच झालं. मी साताऱ्यात फोनजवळ बसून होते."

पुढच्या शनिवारी मी ट्रेन बदलून न्यू लिनला गेलो. दार मोठ्या मुलीने उघडलं. मला पाहून ती आत वळून ओरडली, "मम, देअर्स सम ओल्ड अंकल ॲट द डोअर!" जन्माच्या वेळी तिच्या आईच्या डोक्याशी उभा होतो तो मीच, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

केदारने खूप आगतस्वागत केलं. "काका, परवा धमाल केलीत! तुमची ती वाटीची ॲक्शन…"

"केदार, बस. पल्लवी, तूही बस. सुमनताईंना बोलाव."

मी सांगितलं. पार्किंग, कॉरिडॉर, पोट रिकामं कशाला लागतं हा प्रश्न, मुहूर्त चुलीत, सगळं. केदार मध्येच म्हणाला, "पण तुम्ही त्या दिवशी…" आणि मध्येच थांबला. त्याला बहुतेक आपण कॉरिडॉरमध्ये आईला काय बोललो ते आठवलं असावं. तो मग शेवटपर्यंत गालिच्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, आता पल्लवी मला बोलेल. मी तयारीने आलो होतो. पण ती सासूकडे वळली.

"आई, तुम्ही का नाही सांगितलंत? इतकी वर्षं? मी तुमच्या हातचं पाणीसुद्धा विचारून प्यायले तेव्हा."

"त्या वेळी सांगितलं असतं तर डॉक्टर खोटे पडले असते," सुमनताई म्हणाल्या. "आणि तुला त्याच डॉक्टरांच्या हाताखाली परत टेबलावर जायचं होतं. माझ्यावर विश्वास नसला तर तू खीर खाल्ली नसतीस, एवढंच. त्यांच्यावर नसता तर?"

माझं सगळं शिक्षण, सगळा अनुभव, आणि पेशंटच्या मनातल्या भीतीचा एवढा नेमका विचार मी त्या प्रकरणात एकदाही केला नव्हता. मी ही हकीकत छापायची परवानगी मागितली. केदार मान हलवून हो म्हणाला. सुमनताई म्हणाल्या, "छापा. पण मला अडाण्यासारखं बोलायला लावू नका या वेळी."

पल्लवी "माझी हरकत नाही" एवढंच म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. किटलीचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला. थोड्या वेळाने ती चहाचा एकच कप घेऊन बाहेर आली, सासूबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी बसली. मला चहाचं कुणी विचारलं नाही. मी उठलो, दारात जाऊन बूट घातले. नाडी बांधायला मला हल्ली वेळ लागतो, ती बांधून ट्रेनकडे निघालो.